तारेचा फोन आणि त्याच्या तीन बॅटऱ्या: घरी नीट कसा लावायचा

माय गावी एकटी राहते, चोपडा तालुक्यात. मी जळगावला नोकरीला, ताई सुरतला, आणि आम्हा तिघांना बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे ओट्याच्या आतल्या खोलीत टेबलावर ठेवलेला तारेचा फोन. मोबाइल आहे मायकडे, पण तो कधी चार्ज नसतो, कधी उशीखाली राहतो, आणि कामाने बोटं खरबरीत झालेली असली की टचस्क्रीनला तिचं बोट कळतच नाही. तारेच्या फोनचं तसं नाही, रिसीव्हर उचलला की झालं.

दोन वर्षांपूर्वी अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन ताई सुरतला परत गेली आणि नंतर पंधरा-वीस दिवसांनी वळवाचा पाऊस आला, वादळ असं की खांब पडले आणि गावात दीड दिवस लाइट नव्हती. ताई फोन लावतेय, लागत नाही, मी लावतोय, लागत नाही. शेवटी शेजारच्या काकांच्या मोबाइलवर माय बोलली आणि पहिलं वाक्य काय, तर "बापू, फोनना शेल सरी ग्यात वाटस, नवा लई ये." म्हणजे फोनचे सेल संपले वाटतं, नवे घेऊन ये. मग तिनेच दुकानातून नवे सेल आणून टाकलेसुद्धा, तरी फोन मुकाच. कारण त्याच्या सहा महिने आधी तांब्याची जुनी लाइन काढून फायबर आलं होतं, आणि फायबरवर फोन कशावर चालतो हे ना मायला कोणी सांगितलं होतं ना मला.

म्हणून हे सगळं लिहितोय. तारेचा फोन लावणं अवघड नाही, अर्ध्या तासाचं काम आहे, पण कुठली बॅटरी कशासाठी आहे हे समजून लावला तरच तो गरजेच्या वेळी चालतो, नाहीतर नुसता टेबलावर शोभेला.

आधी तीन बॅटऱ्या समजून घ्या

पहिली बॅटरी तुमच्या घरात नाहीच, ती एक्स्चेंजमध्ये आहे. तांब्याच्या लाइनवर तो दोन तारांचा जोड येतो ना, त्यातूनच फोनला करंट येतो, साधारण ४८ व्होल्ट डीसी. एक्स्चेंजला २-२ व्होल्टचे २४ मोठे सेल एकामागे एक जोडलेले असतात, २४ गुणिले २ म्हणजे ४८, आणि ते कायम चार्जिंगला असतात, मागे जनरेटर असतो. गावाची लाइट गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटरीवर तुमचा फोन चालत राहतो. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात बारा-बारा तास अंधार असायचा तरी फोन वाजायचा, तो यामुळेच. माझे आजोबा कौतुकाने म्हणायचे, "लाइट नही तरी फोन चालू शे!" त्यात अजून एक हुशारी आहे, ४८ व्होल्टचं प्लस टोक एक्स्चेंजमध्ये अर्थ केलेलं असतं आणि लाइनवर मायनस येतो, कारण उलटं केलं तर ओलाव्यात तांब्याची तार लवकर गंजून झिजते. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी केवढा विचार करून ठेवला होता.

दुसरी बॅटरी म्हणजे फोनच्या पोटातले पेन्सिल सेल. नव्वद टक्के घोटाळा इथेच होतो, कारण सेल दिसतात म्हणून सगळ्यांना वाटतं फोन त्याच्यावरच चालतो. नाही. ते सेल असतात डिस्प्लेसाठी, घड्याळासाठी, कोणाचा फोन आला त्या नंबरांच्या यादीसाठी, आणि काही सेटमध्ये मेमरी बटणं आणि स्पीकरसाठी. बोलण्यासाठी आणि घंटीसाठी लाइनचा करंट पुरतो. ज्या साध्या सेटला डिस्प्लेच नाही त्याला बऱ्याचदा सेल लागतच नाहीत.

तिसरी बॅटरी फायबरवाल्यांसाठी. फायबरमधून उजेड येतो, करंट येत नाही. भिंतीवर जो डबा असतो, ज्याला सगळे मोडेम म्हणतात आणि कंपनीवाले ओएनटी म्हणतात, तो डबा घरच्या लाइटवर चालतो आणि तोच तुमच्या फोनला करंट देतो. म्हणजे एक्स्चेंजची बॅटरी जे काम करायची ते आता तुमच्या घरातल्या १२ व्होल्टच्या छोट्या अॅडॉप्टरवर आलंय. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद, मग पोटात सोन्याचे सेल टाकले तरी उपयोग नाही. तिसरी बॅटरी, म्हणजे त्या डब्याचा बॅकअप, आपल्यालाच आणून लावावी लागते. आमच्याकडे तीच नव्हती.

तुमची लाइन कुठली आहे ते बघा

खांबावरून येणारी काळी वायर घरात येऊन एका छोट्या चौकोनी प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, संपत असेल आणि फोनची वायर त्या रोझेटमध्ये जात असेल तर तांब्याची लाइन. वायर येऊन लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या डब्यात जात असेल, त्या डब्याला अॅडॉप्टर असेल, आणि फोनची वायर त्याच डब्याच्या मागे फोनचं चित्र किंवा 'टेल', 'पॉट्स' असं काही लिहिलेल्या भोकात जात असेल तर फायबर. तरी शंका राहिली तर अॅडॉप्टर काढून रिसीव्हर उचला, टोन गेला तर फायबर, टोन राहिला तर तांबं. तांब्यावरच ब्रॉडबँड असेल तर मध्ये एक छोटी स्प्लिटरची डबी लागते, फोनची वायर तिच्या फोनवाल्या बाजूलाच लावायची, नाहीतर बोलताना सतत सूं सूं आवाज येतो.

एक सांगून ठेवतो, इलेक्ट्रिकच्या टेस्टरने फोनची लाइन तपासू नका, ४८ व्होल्टला टेस्टरचा दिवा लागत नाही आणि माणूस उगाच लाइन मेली म्हणून बसतो. मल्टिमीटर असेल तर डीसी २०० वर ठेवून बघा, रिसीव्हर खाली असताना तांब्यावर ४८ ते ५२ च्या आसपास दिसायला पाहिजे, उचलल्यावर ते ६ ते १२ पर्यंत पडतं, ते पडणं बरोबरच आहे. पण उघड्या तारांना ओल्या हाताने शिवू नका, कारण घंटी वाजते तेव्हा त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी येतो आणि चांगला झटका बसतो.

फोन कुठे ठेवायचा

खान्देशात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. एक म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या खोलीत आणि पश्चिमेच्या खिडकीत त्याहून जास्त तापतं, तिथे फोन ठेवला की डिस्प्ले काळा पडतो. बहुतेक वेळा गार झाल्यावर परत दिसायला लागतो पण रोज रोज तापला की कायमचा जातो, आणि पोटातले सेलही उन्हाने लवकर उतरतात आणि गळतात. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात आतली खोली मिळाली तर सोनं, तिथे ठेवा.

दुसरं म्हणजे कूलर. आपल्याकडे मार्चपासून कूलर सुरू होतो तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत, आणि त्याच्या ओल्या हवेच्या झोतात फोन किंवा रोझेट असेल तर आतल्या पितळी पट्ट्यांना हिरवं चढतं, सेलच्या स्प्रिंगा गंजतात, मग फोनवर करकर सुरू. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर अजूनच वाईट. कूलरच्या समोरच्या भिंतीवर नाही, बाजूच्या भिंतीवर फोन घ्या.

तिसरे उंदीर. कापूस किंवा धान्य घरात ठेवत असाल तर उंदीर येणारच आणि त्यांना फोनची बारीक वायर फार आवडते. केसिंग पट्टीतून वायर घ्या, किंवा निदान जमिनीवरून नेऊ नका. दारातून तर मुळीच नाही, म्हातारं माणूस अडकून पडलं म्हणजे फोन लावायला पण कोणी नसायचं. टेबलाची उंची अशी ठेवा की खाटेवर किंवा खुर्चीवर बसून रिसीव्हर हाताला येईल. मायला आधी उभं राहून बोलावं लागायचं, दहा मिनिटांत पाय भरून यायचे आणि ती "बरं ठेव आता" म्हणायची, टेबल बदललं तेव्हापासून ताईशी अर्धा अर्धा तास बोलते.

आता प्रत्यक्ष जोडणी

खोक्यातून चार वस्तू निघतील, सेट, रिसीव्हर, गुंडाळीची वायर आणि सरळ वायर. गुंडाळीची वायर रिसीव्हर आणि सेटला जोडते, सरळ वायर सेट आणि लाइनला. दोन्हीची टोकं दिसायला सारखी पण गुंडाळीच्या वायरचं टोक अरुंद असतं आणि सरळ वायरचं रुंद. अरुंद टोक रुंद भोकात जातं पण ढिलं बसतं आणि आतल्या बारीक तारा वाकवून ठेवतं, मग तो सेट कायमचा नडतो. म्हणून घाई न करता बघून लावा, टक असा आवाज आला पाहिजे आणि हलकं ओढल्यावर निघता कामा नये.

लाइनची वायर लगेच लावायची नाही. आधी सेल.

सेट उलटा करा, खाली झाकण असतं, काहींना स्क्रू असतो. आत किती सेल लागतात ते कोरलेलं असतं, तीन किंवा चार, आणि साइझ पण बघून घ्या, नेहमीचे पेन्सिल सेल वेगळे आणि त्यापेक्षा बारीक वेगळे, दुकानात नुसतं "पेन्सिल सेल द्या" म्हटलं की चुकीचे येतात, जुना सेल खिशात घालून न्या. सेलचं चपटं टोक स्प्रिंगकडे, टोपी असलेलं टोक पट्टीकडे, बहुतेक सेटमध्ये असंच, पण आत काढलेलं चित्र खरं माना.

कुठले सेल घ्यायचे याबद्दल माझं मत ठाम आहे, अल्कलाइन घ्या. स्वस्तातले साधे सेल कार्बन-झिंकचे असतात, त्यांचं बाहेरचं जस्ताचं कवचच वापराबरोबर झिजत जातं, म्हणजे सेल जितका संपत येतो तितकं त्याचं भांडं पातळ होतं, आणि उन्हाळ्यात ते फुटून आतलं पाणी सेटमध्ये उतरतं. घड्याळात, रिमोटमध्ये चालतील कारण तिथे आपण रोज बघतो, फोनचं झाकण वर्ष वर्ष कोणी उघडत नाही. अल्कलाइनसुद्धा गळतात, पण सहसा पूर्ण उतरून तसेच पडून राहिले की. चार्जिंगचे सेल फोनमध्ये टाकू नका, त्यांचा व्होल्टेज १.२ असतो आणि साध्यांचा १.५, तीन सेलमध्ये ४.५ ऐवजी ३.६ च मिळतात, डिस्प्ले फिका दिसतो आणि फोन त्यांना चार्ज तर करतच नाही.

आणि सगळे सेल एकदम बदला. एक जुना दोन नवे असं केलं की जुना लवकर पूर्ण रिकामा होतो, नवे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तोच पहिला गळतो. मी हे आमच्या जुन्या सेटमध्ये डोळ्यांनी पाहिलंय, तीन सेलमधला एकच पांढरा फुललेला आणि बाकी दोन धड.

सेल टाकले की डिस्प्ले उजळतो, आता तारीख, वेळ आणि अक्षर किती गडद दिसावं ते लावून घ्या. मग दोन बटणं बघा, ही सेटच्या बाजूला किंवा खाली असतात. एकावर टोन आणि पल्स असं असतं, ते टोनवर पाहिजे, पल्सवर असलं तर बटण दाबल्यावर टक टक टक आवाज येतो आणि "एक दाबा दोन दाबा" वाल्या ठिकाणी काहीच चालत नाही. दुसरं घंटीचं, मोठी, बारीक, बंद. नवीन फोन वाजतच नाही अशी तक्रार असली तर दहातल्या पाच वेळा पुसताना हेच बटण सरकलेलं असतं.

आता लाइनची वायर लावा, तांब्याला रोझेटमध्ये, फायबरला डब्याच्या फोनवाल्या भोकात. इंटरनेटच्या भोकात फोनची वायर घुसते, पण ते भोक त्यासाठी नाही, फोनचं भोक दिसायला लहान असतं. फायबरच्या डब्यावर फोनचा दिवा हिरवा झाला की रिसीव्हर उचला, टोन आला पाहिजे. एका लाइनवर दोन-तीन सेट जोडायची आपल्याकडे सवय आहे, एक ओट्यावर एक आत, पण प्रत्येक सेट घंटीचा जोर खातो, जास्त सेट जोडले की सगळ्यांचीच घंटी मरतुकडी होऊ शकते.

नंबर भरताना शून्य विसरू नका

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला लावताना आधी ० दाबावा लागतो, गावातल्या गावात असला तरी. ज्यांच्या फोनमध्ये जुने नंबर भरून ठेवलेत त्यांनी ते परत भरा. डिस्प्लेवरच्या यादीत आलेला मोबाइल नंबर १० आकडीच दिसत असेल तर त्यावरून थेट परत लावला तर लागणार नाही, पुढे ० लावून लावायचा. बाहेरगावच्या लँडलाइनला तिथला कोड, जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, नंदुरबार ०२५६४, भुसावळ ०२५८२, आणि खान्देशातल्या निम्म्या घरांना लागतो तो सुरतचा ०२६१.

मेमरी बटणं असतील तर ती मनापासून वापरा. मायच्या फोनवर पहिल्या बटणावर मी, दुसऱ्यावर ताई, तिसऱ्यावर शेजारचे काका, आणि बटणाशेजारी आमचे छोटे फोटो कापून चिकटवलेत, तिला आकडे वाचता येतात पण चष्मा सापडेलच असं नाही. ११२ आणि १०८ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. भरलेले सगळे नंबर एका वहीत पण लिहा, कारण बऱ्याच सेटमध्ये सेल काढून जास्त वेळ गेला की मेमरी पुसली जाते. सेल बदलताना नवे उघडून हातात ठेवा, लाइनची वायर काढा, मिनिटभरात जुने काढून नवे टाका.

आलेल्या फोनचा नंबर दिसत नसेल तर लगेच सेल बदलू नका. ती सेवा तुमच्या लाइनवर चालू आहे का ते कंपनीला विचारा, आणि पहिल्या घंटीला झडप घालू नका, बऱ्याच ठिकाणी नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या वेळात येतो.

फायबरच्या डब्याचा बॅकअप

इथे थोडा वेळ द्या, कारण लाइट गेल्यावर फोन चालणार की नाही ते इथेच ठरतं.

घरात इन्व्हर्टर असेल तर सगळ्यात सोपं, डब्याचा अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. फक्त इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो निवडा, साध्या मोडमध्ये लाइट जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंत जो झटका बसतो त्यात डबा बंद होऊन परत सुरू होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं फोन नाही.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्यायचा. डब्याच्या अॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा १.५ अँपिअर असतं. यूपीएसचा व्होल्टेज तोच पाहिजे, अँपिअर तितका किंवा जास्त चालेल, कमी नाही. पिनचा साइझ आणि प्लस आत की बाहेर हे अॅडॉप्टरवरच्या गोल चित्रात असतं, ते जुळवून घ्या. जोडायचं असं की जुना अॅडॉप्टर यूपीएसच्या इनपुटला आणि यूपीएसची वायर डब्याला. पहिल्या दिवशी रात्रभर चार्ज होऊ द्या.

किती वेळ चालेल हा हिशोब दुकानदारापेक्षा आपणच करावा. खोक्यावर ८००० एमएएच लिहिलेलं असतं आणि वाटतं दिवसभर चालेल, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८००० एमएएच म्हणजे ८ अँपिअर-तास, ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॉट-तास. १२ व्होल्ट करताना थोडं वाया जातं, २४ धरा. डबा ८ वॉट खात असेल तर २४ भागिले ८, म्हणजे ३ तास. रोजच्या जाण्या-येण्याला पुरतं, वादळाच्या रात्रीला पुरत नाही. मी मायला सांगून ठेवलंय की वादळात लाइट गेली आणि लवकर येईलसं दिसलं नाही तर यूपीएसचं बटण बंद करायचं आणि ठरलेल्या वेळी, सकाळी आठ आणि रात्री आठला, अर्धा तास चालू करायचं, त्या वेळेला मी आणि ताई फोन लावतो. तीन तासांची बॅटरी अशी तीन दिवस पुरते.

हे लिथियमचे सेल असतात, उन्हात आणि कोंदट जागेत लवकर म्हातारे होतात. देव्हाऱ्याखाली कपड्यांच्या गठ्ठ्यात कोंबून ठेवू नका, वर हवा खेळली पाहिजे. फुगलेला दिसला तर त्याच दिवशी बाहेर काढा.

आणि एक गोष्ट आपल्या हातात नाही, फायबरच्या दुसऱ्या टोकाला जे मशीन आहे त्याला बॅकअप आहे का. वाटेतल्या वाटणीच्या डब्यांना करंट लागत नाही, पण तालुक्याच्या किंवा गावातल्या मुख्य मशीनला लागतो. लाइन घेतानाच विचारा, "लाइट गेल्यावर तुमची मशीन किती तास चालते?" उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्या आणि म्हाताऱ्या माणसाकडे एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून ठेवाच.

लाइट घालवून बघा

सगळं लागलं की घराचा मेन स्विच बंद करा. खरंच बंद करा. फोन उचला, टोन आहे का बघा, मोबाइलवरून फोन लावा, वाजतो का, दोन्हीकडे आवाज नीट येतो का. मग पोटातले सेल काढून परत एकदा बघा. हे सगळं घरातल्या माणसाला समोर बसवून करायचं. मायने स्वतःच्या हाताने सेल काढले, डिस्प्ले गेला, रिसीव्हर उचलला आणि टोन ऐकला, तेव्हा तिला जे समजलं ते माझ्या दहा वेळा सांगण्याने समजलं नसतं. आता डिस्प्ले गेला तर ती म्हणते सेल गेले, टोन गेला तर म्हणते डबा बघ.

सेल गळला तर

झाकण उघडल्यावर पांढरी पावडर किंवा हिरवट चिकट दिसलं तर फोन फेकू नका. लाइनची वायर काढा, हातात जुनी पिशवी घालून सेल काढा, हात डोळ्याला लावू नका. अल्कलाइन सेल असतील तर ते गळलेलं क्षाराचं असतं, कापसाच्या काडीला थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसा. साधे कार्बन-झिंकचे असतील तर ते आंबट असतं, तिथे लिंबू नाही, खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. नंतर किंचित ओल्या कापडाने आणि मग कोरड्याने, स्प्रिंगवर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, तासभर सावलीत उघडं ठेवा. माझा सध्याचा सेट असाच वाचलेला आहे. काढलेले सेल चुलीत टाकू नका, फुटतात. एका डबीत जमवून शहरात आलात की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

बाकी तक्रारी पटापट सांगतो. करकर येत असेल आणि पावसात वाढत असेल तर रोझेट किंवा बाहेरचा जॉइंट ओला झालाय, रोझेटमधले स्क्रू कोरडे करून आवळा, तरी राहिलं तर लाइनमनला बोलवा. कायम एंगेज लागत असेल तर रिसीव्हर किंचित उचललेला राहिलाय, नाहीतर आतल्या खोलीतला दुसरा सेट. तुमचा आवाज समोरच्याला तुटक जात असेल तर गुंडाळीची वायर आधी बदलून बघा, ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारी वस्तू आहे. विजा कडकडत असतील तर तारेच्या फोनवर बोलायचं नाही, आभाळ भरून आलं की वादळाआधीच लाइनची वायर आणि अॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवायचे, पाऊस थांबला की लावायचे.

सेल बघायचे दिवस आम्ही ठरवून टाकलेत. गुढीपाडव्याला, ऊन चढायच्या आधी, आणि खंडेनवमीला. त्या दिवशी विळे-कोयते पुसून पुजेला मांडतो तेव्हा माय फोनचं झाकण उघडते, सेल काढून टोकं कोरड्या फडक्याने पुसते, परत बसवते, रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकते आणि मग पहिलं बटण दाबते. माझा फोन वाजतो.